चार वर्षांची मुदत

एप्रिल महिन्यात दोन तारखा एकमेकींना लागून येतात. १४ एप्रिल सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १५ एप्रिल फक्त एमएस-पीएचडीच्या रांगेतल्या मंडळींना. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मिळून एक ठराव केलेला आहे: आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केला असेल, तर हो की नाही हे सांगायला विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत वेळ द्यायचा. त्यामुळे डिसेंबरात अर्ज टाकलेली जनता एप्रिलपर्यंत अधांतरी लटकलेली असते. मीही एका वर्षी लटकलो होतो. दिवसा क्लायंटचे बग, रात्री विद्यापीठाचं पोर्टल रिफ्रेश, आणि मधेच गोंदियाहून आईचा फोन, "आलं का रे पत्र?" पोर्टल वगैरे प्रकार तिला पटत नाही. पत्र येतं आणि ते पोस्टमन आणतो, असं तिचं स्वच्छ मत आहे :)

त्या चार महिन्यांत मी बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेबद्दल मिळेल ते वाचून काढलं. आमच्या गोंदियात लहानपणापासून जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या पदव्या कानावर पडायच्या. एमए, पीएचडी, एमएससी, डीएससी, बार-अ‍ॅट-लॉ. पाढ्यासारख्या पाठ. पण पदव्यांच्या पुढे साल लिहून बघितलं की एक गोष्ट खटकते. लंडनमध्ये प्रवेश १९१६ साली, आणि तिथली डीएससी १९२३ साली. मधे सात वर्षं? कोलंबियात तीन वर्षांत एमए करून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत पोचलेल्या माणसाला लंडनमध्ये एवढा वेळ का लागावा?

तर झालं असं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली: ठरवून दिलेले विषय शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. आजच्या भाषेत सांगायचं तर फंडिंगही होतं आणि बाँडही होता. १९१५ मध्ये एमए झालं. १९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला गेले आणि ऑक्टोबरमध्ये ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा दोन्ही ठिकाणी त्यांना प्रवेश मिळाला.

म्हणजे आपण ज्याची वाट बघत रात्री जागवतो तो 'अ‍ॅडमिट' त्यांच्या हातात होता. संपले ते पैसे. १९१७ च्या मध्यात शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि परत यावं लागलं. येण्याआधी मात्र त्यांनी एक काम करून ठेवलं. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली: ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलात, तर अभ्यास पुढे चालू ठेवता येईल.

या एका परवानगीपाशी मी बराच वेळ थांबलो. प्रवेश झालाय, पण जाता येत नाही. नकार नाही, होकारही नाही. नुसती एक तारीख, ऑक्टोबर १९२१. आणि घड्याळ चालू.

परतीचा प्रवास महायुद्धातला. सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं, ती बोट टॉर्पेडोने बुडाली. सामानापोटी थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये भरपाई मिळाली आणि त्यातून बडोद्याला जाण्याची सोय झाली. तिथे काय झालं ते बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलंय. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशी लोकांच्या एका धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे. दिवस मावळायच्या आत चालते व्हा! दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, दोघांनीही टाळलं. मग बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हा प्रसंग ज्या लिखाणात आहे त्याचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. परदेशच्या व्हिसाशी त्याचा काही संबंध नाही. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये राहून आलेल्या माणसाला स्वतःच्या देशात एक खोली मिळत नव्हती, त्याबद्दलचं ते आहे.

घड्याळ तर चालूच होतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार महिना ४५० रुपये. घर साधेपणाने चालवून त्यातले पैसे बाजूला टाकणं सुरू झालं. पण या काळाला नुसतं वाट बघणं म्हणणं चूक आहे. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी मताधिकाराच्या प्रश्नावर साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिला शाहू महाराज स्वतः हजर होते. त्याच महिन्यात त्यांनी प्राध्यापकी सोडली, आणि जुलैमध्ये लंडनची बोट धरली. सोबत स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं ५००० रुपयांचं कर्ज. चारपैकी तीन वर्षं उलटत आली होती.

पुढे वाट सरळ होती असंही नाही. १९२१ मध्ये एमएससी झाली. डीएससीचा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला, मार्च १९२३ मध्ये त्यावर आक्षेप आले, ऑगस्टमध्ये दुरुस्त करून पुन्हा दिला, नोव्हेंबरमध्ये मान्य झाला. कोलंबियाची पीएचडी तर त्याहून लांबली. तिथे प्रबंध छापून प्रती जमा केल्याशिवाय पदवी हातात पडत नसे. पुस्तक निघालं १९२५ साली, पदवी मिळाली १९२७ साली!

थोडं मागे गेलं तर आनंदीबाई जोशींचंही असंच दिसतं. गोपाळरावांनी अमेरिकी मिशनऱ्यांना पत्र लिहिलं ते १८७८ साली. ते एका मासिकात छापून आलं, १८८० मध्ये न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आलं, आणि आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या एप्रिल १८८३ मध्ये. फिलाडेल्फियाच्या कॉलेजला रीतसर अर्ज त्यांनी अमेरिकेत पोचल्यावर केला, आणि त्याला होकार मिळायला फार दिवस लागले नाहीत. पाच वर्षं गेली ती बोटीत पाय ठेवेपर्यंत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपण चुकीच्या गोष्टीची धास्ती घेतो. विद्यापीठाचं हो-नाही हा त्यातल्या त्यात सरळ भाग. गुणवत्ता असेल तर कुठलं ना कुठलं दार उघडतं. खरी वाट बघणं त्यानंतर सुरू होतं, आणि ते कोणाच्या वाट्याला किती येणार हे घरात पैसा किती आणि ओळखी किती यावर ठरतं. पुण्यातल्या माझ्या टीममधल्या मुलाला अ‍ॅडमिट आला, तेव्हा बापाने आठवड्याभरात कर्जाचं बघितलं. मलाही अ‍ॅडमिट आला होता. फंडिंग नव्हतं. आम्ही वहीत आकडे मांडले, धानाच्या पट्टीचेही मांडले, आणि मी गेलो नाही. रडगाणं नाही, गणित होतं.

गणित बदलायला सरकारी योजना आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप १९५४-५५ पासूनची. त्याच १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. राज्याची परदेश शिष्यवृत्ती २००३ मध्ये आली, तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं. योग्यच आहे. पण जुलै २०२५ मधली बातमी आठवते? केंद्राच्या योजनेत १०६ जण निवडले गेले आणि पहिल्या टप्प्यात पत्रं मिळाली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं गेलं की निधी उपलब्ध झाला तर. विद्यापीठांची सत्रं सप्टेंबरात सुरू होणार होती. शंभर वर्षांनीही प्रवेश हातात, पैसे अधांतरी, आणि घड्याळ चालू.

गोंदियाचा एक ज्युनियर सध्या याच अवस्थेत आहे. इंग्लंडमधला प्रवेश झालाय, शिष्यवृत्तीची यादी लागायचीय. परवा फोनवर म्हणाला, "दादा, यादी लागलीच नाही तर?" मी त्याला कॅननसाहेबांची गोष्ट सांगितली आणि आजच विद्यापीठाला मेल टाकायला लावला: यंदा जमलं नाही तर जागा पुढच्या वर्षी मिळेल का, आणि मिळणार असेल तर कुठल्या तारखेपर्यंत, हे लेखी कळवा. हो म्हणाले तर त्याच्या हातात निदान एक तारीख असेल. तोवर तो गावातल्या अभ्यासिकेत पोरांना गणित शिकवतोय.