मुदतीबाहेरचा रोग

आम्ही वैद्य नव्हे. कामगारांच्या नुकसानभरपाईचे अर्ज लिहिता लिहिता जेवढे डॉक्टरी दाखले वाचले, तेवढीच आमची विद्या. त्यातला एक अर्ज ‘मुदतीबाहेर’ असा शेरा घेऊन परत आला, तेव्हा आम्हांला न्यू जर्सीच्या मुली आठवल्या.

तेथे ऑरेंज गावी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घड्याळांच्या तबकड्या रंगविण्याचा कारखाना होता. रंगात रेडियम असे, म्हणून आकडे अंधारात चमकत. काम मुलींचे, मजुरी नगावर. कुंचल्याला ओठांनी टोक काढायचे, तो रंगात बुडवायचा, पुन्हा ओठांत धरायचा, ही कामाची शिकवणच होती. प्रयोगशाळेतील रसायनज्ञ मात्र तेच रेडियम चिमट्याने उचलीत!

रेडियम हे कॅल्शियमचे भाऊबंद. पोटात गेलेल्यापैकी बरेचसे बाहेर पडते. उरलेले शरीर चुना समजून हाडांत बसविते. ते निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. तेथून त्याचे किरण रात्रंदिवस पेशींवर मारा करतात. जबडा कुजतो, मणके ठिसूळ होऊन दबतात. आणि कित्येकींच्या बाबतीत पुढे काही वर्षांनी हाडातूनच सार्कोमा उगवतो. एरवी हा रोग विरळा. कण्यात सापडणाऱ्या दुष्ट गाठी बहुधा दुसऱ्या अवयवातून तेथे आलेल्या असतात. हाडात जन्मलेला सार्कोमा मात्र रक्तावाटे बाहेर पडून फुप्फुसे गाठतो. डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी १९२५ साली रेडियमचा दोष उघड केला आणि १९२९ साली या मुलींच्या सार्कोमावर निबंध लिहिला.

तोवर काय चालले होते? अमेलिया मॅगिया १९२२ साली वारली, तर दाखल्यावर कारण लिहिले उपदंश. बाई गेली ती गेली, वर अब्रूही गेली. १९२७ साली तिचे प्रेत उकरले, तेव्हा पाच वर्षे पुरलेली हाडे किरणे टाकीत होती.

ग्रेस फ्रायर १९२० साली कारखाना सोडून बँकेत लागली. दुखणे मागाहून आले. पाठीला पोलादी पट्टा बांधून ती हिंडे. वकील मिळविण्यातच तिची दोन वर्षे गेली. १९२७ साली पाच जणींनी दावा लावला, तर कंपनी म्हणाली, कायद्याची मुदत दोन वर्षांची, ती केव्हाच सरली. वकील रेमंड बेरी यांचे उत्तर असे, की रोगाचे कारण कळले त्या दिवसापासून मुदत मोजा. त्यांच्यामागे कामगार संघटना नव्हती. न्यू जर्सीच्या कन्झ्युमर्स लीगच्या कॅथरिन वायली धडपडत होत्या. हे लिहिताना आमची मान खाली जाते. १९२८ च्या वसंतात सुनावणी सप्टेंबरावर ढकलली, का, तर कंपनीचे साक्षीदार उन्हाळ्यात युरोपला जाणार! वर्तमानपत्रे खवळली. जूनमध्ये तडजोड झाली: प्रत्येकीस १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाणी. मुदतीचा प्रश्न अनिर्णीतच राहिला.

ग्रेस १९३३ साली सार्कोमाने वारली.