तिकीट, साक्ष आणि राजीनामा

१९२३ साली काकिनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याला जोडून खादीचे प्रदर्शन होते आणि त्याच्या दारावर चौदा वर्षांची एक स्वयंसेविका उभी होती. तिकिटाशिवाय कोणाला आत सोडायचे नाही, एवढे तिला बजावलेले. जवाहरलाल नेहरू आले, तिकीट नव्हते. पोरीने त्यांना सरळ अडवले. संयोजकांनी घाईघाईने तिकीट काढून आणले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

ती मुलगी म्हणजे दुर्गाबाई. पुढे मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, वकील झाल्या, संविधान सभेत बसल्या, नियोजन मंडळावर आल्या. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेव्हा साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत नेहरू होते. नवरदेव होते त्यांचेच अर्थमंत्री, चिंतामणराव देशमुख. दोघांचेही हे दुसरे लग्न. एक आंध्रातली, एक महाडजवळच्या नाते गावचा. पंतप्रधान सहकाऱ्याच्या लग्नाला साक्षीदार राहतो, यात तेव्हाच्या दिल्लीला फारसे नवल वाटले नाही. प्रजासत्ताक तीन वर्षांचे होते, राज्य चालवणारी माणसे मोजकी होती आणि ती एकमेकांच्या घरात वावरत होती.

देशमुख त्या घोळक्यात जरा वेगळेच. सत्याग्रह नाही, तुरुंग नाही. ते आय.सी.एस.मधले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संस्कृतात रमणारे. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले. नियोजन मंडळाच्या अधिकारांवरून जॉन मथाई यांनी १९५० मध्ये अर्थखाते सोडले आणि नेहरूंनी देशमुखांना बोलावले. पक्षात त्यांचा गट नव्हता, पाठीशी कार्यकर्ते नव्हते. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले खरे, पण त्यांचे खरे बळ नेहरूंचा विश्वास हेच होते. अशा माणसाचे एक बरे असते: तो कोणाच्या वाटेत येत नाही. आणि एक वाईट: विश्वासाला तडा गेला की उभे राहायला दुसरी जागा उरत नाही.

तडा गेला मुंबईवरून. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरद ऋतूत आला. त्यात विदर्भ वगळून द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले होते. मग तीन राज्यांची योजना पुढे आली. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. शहर पेटले. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडू लागली.

आणि याच आठवड्यात, १९ जानेवारीला, त्याच आकाशवाणीवरून देशमुख बोलले, पण वेगळ्याच विषयावर. आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत असल्याची ती घोषणा होती. वटहुकूम निघेपर्यंत कंपन्यांना सुगावा लागू नये म्हणून सारे गुप्त राखलेले. आयुर्विमा महामंडळाची कहाणी सांगताना या तारखेचा उल्लेख होतो, पण तीन दिवसांपूर्वीच्या दुसऱ्या भाषणाशी ती सहसा कोणी जोडत नाही. नेहरूंच्या सरकारातले आर्थिक धोरणाचे सर्वांत धाडसी पाऊल जाहीर करणारा मंत्री त्याच सुमारास मनाने त्या सरकारातून बाहेर पडत होता. जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला. नेहरूंनी तो स्वीकारला नाही, देशमुखांनी मागेही घेतला नाही. अर्थसंकल्प मांडला गेला, उन्हाळा आला, राजीनामा तसाच लोंबकळत राहिला.

अखेर निर्णय झाला जूनमध्ये. मुंबईतल्या काँग्रेसच्या बैठकीच्या वेळी नेहरूंनी शहर पाच वर्षे केंद्राकडे राहील असे जाहीर करून टाकले. देशमुखांच्या मते ही गोष्ट मंत्रिमंडळापुढे आलीच नव्हती.

२५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत राजीनाम्याबद्दल निवेदन केले. आंबेडकरांना १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना हे जमले नव्हते. निवेदनाची प्रत आधी देण्याच्या वादातून ते सभागृह सोडून गेले आणि भाषण त्यांनी वृत्तपत्रांकडे दिले. देशमुखांनी मात्र सगळे सभागृहातच सांगितले. मुंबईच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली, हा एक आरोप. पंतप्रधानांनी बेपर्वाईने आणि घटनेला सोडून घोषणा केली, हा दुसरा. तिसरा सर्वांत बोचरा: या सगळ्यामागे महाराष्ट्राबद्दल आकस आहे. नेहरूंनी उत्तर देताना पंतप्रधानाला धोरण सांगण्याचा अधिकार असतो, असे ठणकावले.

हे भांडण वरवर मुंबईचे. खरे तर मंत्रिमंडळ म्हणजे काय, या प्रश्नाचे. सहा वर्षे नेहरू आणि देशमुख यांना तो विचारावाच लागला नव्हता, कारण दोघांमधला जिव्हाळा ते काम भागवत होता. जिव्हाळा संपला तेव्हा हाताशी नियम नव्हता, आणि आकसासारखा, एरवी घरच्या भांडणात निघणारा शब्द संसदेच्या कामकाजात नोंदला गेला.

त्याच नेहरूंशी नाते जपण्याचा दुसरा मार्ग एका मराठी माणसाने आठ महिने आधी निवडला होता. डिसेंबर १९५५ मध्ये फलटणला यशवंतराव चव्हाणांनी सांगून टाकले, की नेहरू की संयुक्त महाराष्ट्र अशी निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूने. महाराष्ट्राने त्यांना बरीच वर्षे ते ऐकवले. देशमुखांचा मात्र जयजयकार झाला. पण मुंबई केंद्राकडे ठेवण्याचा बेत मागे पडून द्विभाषिक राज्यच आले, नोव्हेंबर १९५६ मध्ये त्याचे मुख्यमंत्री चव्हाण झाले, आणि ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आलेल्या नेहरूंना काळ्या निशाणांमधून सुखरूप नेण्याची जबाबदारी त्यांच्यावरच पडली. १ मे १९६० चे महाराष्ट्र राज्य दिल्लीकडून मिळवताना चव्हाणांची ती जवळीक उपयोगी पडली. ही आंदोलनाची किंमत कमी करण्याची गोष्ट नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात धूळ चारली नसती तर नुसत्या जवळिकीला विचारले कोणी असते?

देशमुखांना दिल्लीने वाळीत टाकले नाही. राजीनाम्याच्याच वर्षी, १९५६ मध्ये, ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. तिथे बसूनही १९५९ मध्ये त्यांनी मंत्र्यांच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी कायमचे न्यायाधिकरण नेमा अशी मागणी केली. निःपक्ष चौकशी होणार असेल तर प्रकरणे पुढे ठेवण्याची तयारी दाखवली. नेहरूंनी ते मानले नाही. अशी मागणी करणारा अध्यक्ष पदावर राहिला, हेही त्या काळाचेच लक्षण.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्रात म्हटले जाऊ लागले. त्या हिवाळ्यात देशमुख त्याच शहरात होते, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून.