काळ्यापिवळ्या टॅक्सीतला ३८ मिलिमीटरचा माणूस

खेळण्यातल्या मोटारींचा इतिहास वाचायला घेतला तर सुरुवातीलाच एक आकडा भेटतो: २२. इंग्लंडमधल्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीने, १९३३ साली सहा छोट्या वाहनांचा धातूचा संच बाजारात आणला, त्याचा हा क्रमांक. पुढच्याच वर्षी या खेळण्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळालं आणि त्यानंतर जगभरात मुलांच्या मुठीत मावणाऱ्या मोटारींचा जो काही धंदा उभा राहिला, त्यातला बराचसा इथून निघाला.

मग क्रमांक १ कुणाचा होता? स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांचा. स्टेशनमास्तर, गार्ड, हमाल. त्यानंतर शेतावरची जनावरं, मग प्रवासी. म्हणजे माणसं आधी आली आणि मोटारी नंतर. हॉर्नबीचा मुख्य माल होता खेळण्यातली आगगाडी. गाडी आली की स्टेशन लागतं, स्टेशन आलं की माणसं लागतात आणि माणसांना घरी न्यायला एखादी मोटार हवी. मोटार ही त्या देखाव्यातली शेवटची भर होती.

आज जगभरात हौशी लोक १:४३ या स्केलच्या गाड्या जमवतात. हा विचित्र आकडाही तिथलाच. 'ओ गेज' आगगाडीत खऱ्या जगातला एक फूट म्हणजे ७ मिलिमीटर धरायचे. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ७ने भागा, उत्तर ४३.५ येतं. मोटारींचा जगभरचा हिशोब आजही रेल्वेच्या फलाटावर ठरलेल्या मापाने चालतो.

पुढे मात्र मोटारी मोठ्या झाल्या आणि माणसं दिसेनाशी झाली. १९५३मध्ये मॅचबॉक्स आली. काडेपेटीएवढ्या खोक्यात मावणाऱ्या गाडीत ड्रायव्हर बसवायला जागा कुठून असणार? १९५६मध्ये कॉर्गी आली, ती 'खिडक्यांना काचा असलेल्या गाड्या' अशी जाहिरात करत. आता आत डोकावता येत होतं, पण आत बहुतेकदा रिकाम्या सीटच दिसायच्या. कॉर्गीची सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे १९६५ची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन. तिच्यात ड्रायव्हर होता, पण लक्षात राहिला तो त्याच्या शेजारचा माणूस, आणि त्याचं काम एकच: बटण दाबलं की टप उघडून बाहेर फेकलं जायचं. १९६८मध्ये हॉट व्हील्स आल्या आणि सगळा खेळ वेगाचा झाला. वेग असला की ड्रायव्हरची आठवण कुणाला येते?

भारतात या गाड्या आल्या त्या साच्यांसकट. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला पोहोचले आणि तिथे 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघू लागल्या. काहींच्या तळावरचं 'डिंकी' घासून तिथे 'निकी' केलेलं दिसतं. मुंबईच्या ब्लो प्लास्टच्या 'लिओ' छापाखाली १९८०च्या दशकात हॉट व्हील्स बनल्या. या सगळ्यात जॅग्वार होत्या, बेंटली होत्या, अमेरिकन रेसिंग गाड्या होत्या. इथल्या मुलांनी हातात धरलेली मोटार आणि त्यांच्या गल्लीत उभी असलेली मोटार यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री जेवणं झाल्यावर घाटकोपरच्या आमच्या घरातल्या एका टेबलावर १:४३ची काळीपिवळी टॅक्सी बनवतो. या छंदाला 'डिटेलिंग' म्हणतात. तयार किंवा अर्धवट तयार मॉडेल घ्यायचं आणि कारखान्याने जे दिलं नाही ते हाताने घालायचं: वायपर, आरसे, दाराच्या कड्या, डॅशबोर्डवरचा देव. १९७८मध्ये जेराल्ड विंग्रोव्ह या इंग्रज कारागिराने या कामावर एक सविस्तर पुस्तक लिहिलं. पूर्ण गाडी शून्यातून कशी घडवायची ते त्यात आहे. त्याच्या गाड्या बुगाटी आणि डूसेनबर्ग घराण्यातल्या. अशा गाडीबद्दल काही अडलं तर कंपनीची कागदपत्रं, फोटो, म्युझियममध्ये जपलेली गाडी, सगळं हाताशी असतं.

मुंबईच्या टॅक्सीचं तसं नाही. आणि ही गाडी तर आमच्या शेजारची.

घाटकोपरहून एलबीएस मार्गाने दक्षिणेकडे निघालं की थोड्याच वेळात कुर्ला लागतं. तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ही कंपनी स्थापन केली. आधी अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या, १९५०च्या दशकात फियाट ११०० आली, जिला मुंबईने 'डुक्कर फियाट' असं नाव ठेवलं. त्याच घराण्यातल्या पुढच्या गाडीचं नाव १९७०च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' झालं. कारखान्यातल्या कामगारांची बाजू लढवणाऱ्यांत डॉ. दत्ता सामंत होते, ज्यांचा दवाखाना घाटकोपरच्या पंतनगरमध्ये होता. पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. आता तिकडे उंच इमारती आहेत आणि 'प्रीमियर रोड' हे नाव आहे.

कारखान्याने बनवली ती मोटार. तिची टॅक्सी झाली ती बाहेर. साधारण ३.९ मीटर लांबीची पद्मिनी १:४३मध्ये ९ सेंटीमीटरची होते. तिला खाली काळा आणि टपाला पिवळा रंग दिला की कुणीही ओळखतं. पण ती कुठल्या वर्षातली टॅक्सी आहे हे बॉडीवरून सांगता येत नाही, कारण बॉडी वर्षानुवर्षं जवळपास तीच राहिली. वर्ष सांगतात त्या नंतर लावलेल्या गोष्टी.

नंबरप्लेट घ्या. आधी भाड्याच्या गाड्यांची पाटी पांढरी आणि अक्षरं काळी असत. शतक बदललं त्या सुमारास पाटी पिवळी झाली. त्याच काळात टॅक्स्या सीएनजीवर आल्या. मागच्या काचेवर 'सीएनजी' लिहिलं गेलं आणि डिकीत सिलिंडर बसला. आता बॅगा ठेवायच्या कुठे? टपावरच्या कॅरिअरवर. कॅरिअर आधीही होतं, पण डिकी भरल्यावर त्याच्याशिवाय चालेना. म्हणजे पिवळी पाटी आणि सीएनजी असलेल्या टॅक्सीच्या टपावर दोरीने बांधलेली बॅग दाखवली तर ती नुसती सजावट नसते, तिच्यामागे इंधनाचा इतिहास असतो.

मीटरही तसाच. गाडीच्या बाहेर, डाव्या बाजूला बोनेटच्या कडेला बसवलेला लोखंडी मीटर. दांडी खाली पाडली की भाडं सुरू. 'मीटर डाऊन' हा शब्द त्यातूनच आला. मीटरवरचा आकडा आणि द्यायचे पैसे वेगवेगळे, मध्ये दरपत्रकाचं छापील कार्ड. २०१०नंतरच्या वर्षांत इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि मीटर गाडीच्या आत गेला. बाहेरचा मीटर आणि पांढरी पाटी एकत्र असेल तर टॅक्सी जुन्या शतकातली. बाहेरचा मीटर आणि सीएनजी असेल तर मधल्या दहाएक वर्षांतली. मीटर आत असेल तर अखेरच्या. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो, कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं ते. टॅक्सीची अशी नोंद तिच्याच अंगावर होती, फक्त ती कुणी एका जागी उतरवून ठेवली नाही.

हे सगळं बनवायला लागणारं सामान मात्र घरातच सापडतं. वीतभर मीटर १:४३मध्ये ५ मिलिमीटरचा होतो. तो मी प्लास्टिकच्या पट्टीतून कापतो आणि दांडीसाठी टाचणीचं टोक वापरतो. कॅरिअरची अर्ध्या इंचाची सळई ०.३ मिलिमीटरची होते. त्यासाठी बिघडलेल्या चार्जरच्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून घेतो. दोरीसाठी शिवणाचा दोरा, आधी मेणावरून ओढून घेतलेला, म्हणजे त्याची लव बसते. सीटच्या कव्हरला जुन्या लग्नपत्रिकेचा कागद चांगला दिसतो. चिकटवायला फेविक्विक, पण थेट नळीतून नाही. सुईच्या टोकावर थेंब घेऊन.

आमच्या इमारतीत एक काका राहतात. तीस वर्षं टॅक्सी चालवून आता निवृत्त झालेत. अर्धी माहिती मला त्यांच्याकडून मिळाली. एकदा तयार गाडी त्यांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा वर करून ती डोळ्यांजवळ धरली, मीटर बघितला, टप बघितला.

"गाडी बरोबर हाय रे," ते म्हणाले. "पण ही उभीच दिसते. चालवणारा कुठाय?"

चालवणारा बाजारात मिळत नाही. मॉडेलसाठी लहान माणसं बनवणाऱ्या कंपन्या आहेत. जर्मनीतली प्रायझर १९४९पासून हेच करते. तिची बहुतेक माणसं युरोपातल्या फलाटांवर शोभणारी, कोट घातलेली, छत्री धरलेली. खाकी शर्टाचा, छातीवर बिल्ला लावलेला, मुंबईच्या घामाचा माणूस त्यांत नाही.

लहान माणसं घडवणं आपल्याला नवीन नाही. भायखळ्याच्या राणीबागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात एकदा जाऊन या. १८७२मध्ये लोकांसाठी उघडलेल्या या संग्रहालयात मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांची आणि धंद्यांची मातीची छोटी माणसं काचेआड मांडलेली आहेत. पगडीची घडी, लुगड्याचा काठ, हातातलं अवजार, काय नजाकत आहे! पण चिठ्ठी वाचली की कळतं, तो माणूस तिथे जातीचा किंवा धंद्याचा नमुना म्हणून बसलाय. इंग्रज अमदानीत शहर असंच मोजलं जात होतं.

दुसरी परंपरा आपल्या दारात आहे: दिवाळीतला किल्ला. दगडमातीचा डोंगर, वर पेरलेले अळीव आणि त्यावर कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. तिथे स्केल पाळतो कोण? महाराज सिंहासनावर बसूनही दरवाजापेक्षा उंच असतात, मावळा बुरुजाएवढा, गवळण तोफेहून मोठी. इंजिनिअरच्या डोळ्याला हे खुपायला हवं, पण खुपत नाही, कारण तिथली उंची पट्टीने मोजलेली नसते, मानाने मोजलेली असते. ज्याच्यामुळे किल्ला आहे, तो मोठा.

माझ्या टॅक्सीत मला या दोन्हींतलं एकेक हवं होतं: संग्रहालयातली बारकाई आणि किल्ल्यातला मान. माप मात्र पट्टीचंच. १६५ सेंटीमीटरचा माणूस १:४३मध्ये ३८ मिलिमीटरचा होतो, बसला की त्याहून कमी. तारेचा सांगाडा करायचा, त्यावर एम-सील मळून थर द्यायचा आणि ते घट्ट होण्याआधी सुईने शर्टाच्या चुण्या काढायच्या. हे सगळं हाताच्या सवयीने जमतं. अडतं ते बसण्यात.

पद्मिनीच्या बहुतेक टॅक्स्यांचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. त्यामुळे ड्रायव्हरचा डावा हात चाकाजवळ वरच्या वर राहायचा आणि पुढची सीट सलग असायची. काकांनी खुर्चीवर बसून मला दाखवलं: उजवं कोपर खिडकीच्या बाहेर, अंग किंचित दाराकडे कललेलं, डाव्या हाताची बोटं गिअरवर सैल. "बारा बारा तास बसलं की माणूस असाच होतो," ते म्हणाले. "सरळ बसलेला दाखवलास तर तो मालक वाटेल." मी बसलेल्या काकांचे चार बाजूंनी फोटो काढले.

मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्यांत कोकणातले होते, उत्तर प्रदेशातले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करणारे चिलिया समाजाचे लोकही होते. या चिलिया टॅक्सीवाल्यांवर तारिणी बेदी यांचं 'मुंबई टॅक्सीमेन' हे इंग्रजी पुस्तक २०२२मध्ये आलं. माणसांबद्दल लिहिलेलं असं थोडकंच सापडतं. गाडीबद्दल मात्र भरपूर. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर तिचे फोटो फिरले. बहुतेक फोटोंत चकाकणारं बोनेट होतं, काळापिवळा रंग होता. ड्रायव्हर काचेवरच्या प्रतिबिंबामागे गेलेला.

गाडी टिकेल. एखादी कुणाच्या संग्रहात राहील, तिचं मॉडेलही कुणी ना कुणी विकत राहील. पण बाहेर आलेलं कोपर, खांद्यावरचं फडकं, सलग सीटवर शेजारी ठेवलेला डबा, हे कुठल्याच साच्यात नाही. ते ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडेच आहे आणि ते लोक म्हातारे होत चाललेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी टॅक्सी चालवलेलं कुणी असेल तर त्यांना विचारा, मीटरखाली काय बांधायचात, डॅशबोर्डवर काय ठेवायचात, रात्रपाळीला कुठे झोपायचात. उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. जुन्या अल्बममध्ये टॅक्सीसमोर काढलेला फोटो असेल तर तो मोठा करून आत कोण बसलंय ते बघा. माझ्या टॅक्सीत आता एक माणूस बसलाय. त्याच्या शेजारी डबा ठेवायचाय, पण तो स्टीलचा होता की ॲल्युमिनियमचा, एवढं काकांना विचारायचं राहिलंय. उद्या विचारतो.