पऱ्हाटीतून हायड्रोजन, पण कार्बन कोठे ठेवायचा?

परभणी जिल्ह्यातील वालूर (ता. सेलू) आणि परिसरात कापूस, सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके आहेत. कापसाची वेचणी संपली, की पऱ्हाट्यांचा काही भाग चुलीसाठी जातो. उरलेला अनेकदा शेतातच पेटविला जातो. अशा काडीकचऱ्यापासून हायड्रोजन हे इंधन मिळविता येते. वनस्पती वाढताना हवेतूनच कार्बन घेतात. त्यामुळे निर्मितीच्या वेळी बाहेर पडणारा कार्बन अडविला, तर हवेतील कर्बवायूचे प्रमाण कमी होण्यास हातभार लागतो.

निर्मितीच्या दोन पद्धती

पहिली पद्धत उष्णतेची. मर्यादित प्राणवायू आणि वाफ देऊन जैवभार तापविल्यास हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण तयार होते. या मोनॉक्साइडची वाफेशी पुन्हा अभिक्रिया घडविली, की आणखी हायड्रोजन आणि कर्बवायू मिळतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने २०२२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एक किलो जैवभारापासून सुमारे १०० ग्रॅम हायड्रोजन मिळतो. जैवभारात मूळचा हायड्रोजन सुमारे ६० ग्रॅमच असतो. उरलेला वाफेतून येतो.

दुसरी पद्धत सूक्ष्मजीवांची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीच्या सहकार्याने विकसित केलेले तंत्रज्ञान २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यात भात, गहू, मका यांच्या अवशेषांतून आधी हायड्रोजन व नंतर मिथेन मिळतो.

कार्बनचा हिशेब

नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन बनविताना नऊ ते दहा किलो कर्बवायू बाहेर पडतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरविलेल्या निकषानुसार 'हरित' हायड्रोजनसाठी ही मर्यादा किलोमागे दोन किलो आहे. जैवभारापासूनचा हायड्रोजनही या निकषात येतो.

अडविलेला कर्बवायू साठविण्याचा एक पर्याय मराठवाड्याच्या पायाखालीच आहे, तो म्हणजे बेसाल्ट खडक. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेल्या कर्बवायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक भागाचे दोन वर्षांत खनिजात रूपांतर झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्या पद्धतीत एक टन वायूसाठी सुमारे २५ टन पाणी लागते. वारंवार टंचाई सोसणाऱ्या भागाला ते परवडणारे नाही. त्या तुलनेत कार्बनचा काही भाग कोळशाच्या रूपात राखून तो जमिनीत मिसळणे, म्हणजेच बायोचार, हा पर्याय सोपा ठरतो. अर्थात जितका कार्बन कोळशात राहील, तितका हायड्रोजन कमी मिळेल.

अडचण गोळा करण्याची

पऱ्हाटी हलकी, विखुरलेली आणि वाहतुकीस महाग असते. तिचे गावातच तुकडे करून गठ्ठे बांधावे लागतील. ती वेळेत उचलली गेल्यास गुलाबी बोंडअळीचा आसराही कमी होईल. परंतु ज्या घरांची चूल पऱ्हाटीवरच पेटते, त्यांना पर्यायी इंधन मिळायला हवे. शेतकऱ्याला योग्य भाव आणि जमिनीला तिचा कार्बन परत मिळाला, तरच हे इंधन वालूरसारख्या गावाच्या खऱ्या फायद्याचे ठरेल.