सोने निघाल्यावर उरलेली माती

आपल्या सातारा-सांगलीच्या जमिनीत सोने नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर बसून आपला काळा खडक झाला, आणि त्यात सोन्याच्या शिरा मुळीच आढळत नाहीत. तरीही भारतातील पुष्कळ शहरांच्या सराफकट्ट्यावर जुने सोने आटवावयाचे झाले, की ज्याच्याकडे जावे लागते तो मनुष्य बहुधा आमच्याकडचाच निघतो. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निराळा झालेला आणि १९६० पासून सांगली या नावाने ओळखला जाणारा जिल्हा, त्यातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ हे तालुके, आणि सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, हा सारा अवर्षणाचा मुलूख. पाऊस दगा देई, म्हणून माणसे मूस आणि चिमटा घेऊन परमुलखी गेली आणि गलाईवाले झाली.

माझा एक जुना विद्यार्थी या धंद्यात आहे. सोनाराच्या भट्टीतील राख आणि दुकानातील केरही तो तोलून विकत घेतो, कारण त्यातही सोन्याचा कण असतो. मी एकदा सहज विचारले, ‘‘सोने काढून झाल्यावर उरलेल्या राखेचे काय करतोस?’’ तो म्हणाला, ‘‘तिचा हिशेब कोण ठेवतो, गुरुजी?’’

हे त्याचे उत्तर मला कोलारचा इतिहास वाचताना वारंवार आठवले. म्हैसूर संस्थानात १८७३ साली मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाने खाणीचा परवाना मागितला. १८८० नंतर जॉन टेलर आणि मंडळी या इंग्रज खाण-अभियंत्यांच्या पेढीने तेथे पाय रोवले. १९०२ साली शिवसमुद्रमच्या धबधब्यावरून कोलारला वीज आली. खाण खोल जाता जाता तीन किलोमीटरांहून अधिक खाली गेली, आणि सुमारे १२० वर्षांत तिने ८०० टनांच्या घरात सोने दिले. पुढे खर्च उत्पन्नाला भारी होऊ लागला. १९५६ साली म्हैसूर सरकारने व नंतर केंद्र सरकारने कारभार हाती घेतला, तरी २००१ च्या फेब्रुवारीअखेर कुलूप लागलेच.

सोन्याचा हिशेब इतका चोख; मातीचा मात्र कोणी ठेवला नाही. खडक दळून पिठासारखा करावयाचा, सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळवून घ्यावयाचे, आणि उरलेला चिखल जवळच्या मोकळ्या जागेवर ओतावयाचा, असा तो क्रम होता. त्या चिखलाच्या वाळून टेकड्या झाल्या. एकूण तेरा ढीग, सुमारे १००३ एकर जागा, आणि त्यात ३ कोटी ३० लाख टन माल. वारा सुटला की त्यांची भुकटी रॉबर्टसनपेठेच्या घरांवर येते. ज्यांच्या वाडवडिलांनी ते सोने वर काढले, त्यांच्याच भाकरीवर ती बसते. या लोकांच्या रोजगाराचा प्रश्न २००१ मध्ये उभा राहिला, तो अजून सुटलेला नाही. म्हणून खाणीची नवी वार्ता तेथे आशेने ऐकली जाते.

अशी वार्ता २०२४ च्या जूनमध्ये आली. या ढिगांतून उघड्यावर पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावास कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने संमती दिली. जुनी यंत्रे जे सोडून गेली, ते नव्या रीतीने मिळू शकते. माझ्या विद्यार्थ्याची राखच ही, एवढेच की ती पोत्यात मावत नाही.

आता एक साधे त्रैराशिक करू. टनामागे एक ग्रॅम सोने धरले, तर सगळ्या ढिगांत ३३ टन होते. प्रत्यक्षात त्याहून कमीच हाती येईल. ३ कोटी ३० लाख टनांतून ३३ टन वजा केले, तर बाकी काय, हे चौथीतले मूलही सांगेल. ढीग जवळजवळ तितकाच राहतो! तो उपसून, भिजवून, पुन्हा औषधाच्या पाण्यातून काढून, पुन्हा कोठेतरी ठेवावाच लागणार. म्हणजे अशा खाणीचा विस्तार योजणे हे मुख्यतः जमीन योजणे आहे.

ही जागा कशी तयार करावी, हे आता अज्ञात नाही. खाली पाणी न झिरपणारा थर घालावा, उतार पायऱ्यापायऱ्यांचे करावे, पावसाचे पाणी स्वतंत्र चरांनी बाहेर काढावे, वर सुपीक माती पसरून गवत व झाडे धरावीत. आपल्या १९८८ च्या खनिज नियमांत वरची माती निराळी काढून जपून ठेवण्याची आणि जमीन पूर्ववत करण्याची आज्ञा होती. २००३ पासून खाण बंद करण्याचा आराखडाही आधीच सादर करावा लागतो. कोलारला कुलूप लागले त्यानंतर दोन वर्षांनी हे आले! तेथील ढिगांखालची मूळ माती तर शतकभर गाडलेली. नवी माती दुरून आणावी लागेल, आणि तिचा खर्च सोन्याच्या भावातून पहिल्या दिवसापासून बाजूला काढावा लागेल. खाण आटोपल्यावर तो कोणाकडे मागावयाचा?

गेल्या दिवाळीत तो विद्यार्थी गावी आला असता मी त्याला हे त्रैराशिक घालून पाहिले. त्याने क्षणभर बोटे मोडली आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, आमच्यात राख विकत घेताना आधी भाव ठरतो, ती टाकायची कोणी, हे कधीच ठरत नाही.’’