सदाफुलीचे पान

सदाफुली ही फुलझाडांतली गरीब घरची लेक. तिला आळे नको, खत नको. भिंतीच्या फटीत बी पडले तरी तिथे रुजते आणि बारा महिने फुलते. पाने इतकी कडू की गुरे तिला तोंड लावीत नाहीत. या कडूपणात काय दडले आहे, ते माणसाला कसे कळले, याची हकीकत मोठी विलक्षण आहे. मी भाषा शिकवणारा मास्तर. रसायनशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकपुरतीच. परंतु ही हकीकत जितकी रसायनाची तितकीच माणसांची आहे, म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. तेथून ती उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरली आणि ठिकठिकाणी मधुमेहावरचा झाडपाला म्हणून नावारूपाला आली. जमैकात लोक तिच्या पानांचा चहा करून पीत. १९५२ साली तेथून अशी २५ पाने टपालाने कॅनडातील टोरांटोस, डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली.

मधुमेह या गृहस्थांच्या जुन्या परिचयाचा. १९२१ साली बँटिंग यांनी इन्शुलिनचा शोध आरंभला, तेव्हा मदतीला बेस्ट आणि नोबल असे दोन विद्यार्थी होते. आधी कोणी काम करायचे ते नाणे उडवून ठरले. कौल बेस्ट यांना मिळाला आणि इतिहासात नावही त्यांचेच राहिले! आता निवृत्त झालेल्या क्लार्क यांनी ती पाने आपल्या धाकट्या भावाकडे, वेस्टर्न ऑंटारिओ विद्यापीठातील संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे धाडली.

रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातली साखर तसूभरही हलली नाही. मग तो टोचून पाहिला. साखर तशीच, पण आठवडाभरात उंदीर मरू लागले. दुसऱ्या एखाद्याने पाने केराच्या टोपलीत टाकली असती. रॉबर्ट यांनी मात्र उंदीर का मेले याचा छडा लावला. उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी भराभर घटल्या होत्या आणि साध्या जंतूंशी झुंजण्याचेही बळ त्यांच्यात उरले नव्हते. तेव्हा त्यांच्या मनात आले : रक्ताच्या कर्करोगात ज्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यांना हाच अर्क आवर घालील काय?

पण अर्क म्हणजे शेकडो पदार्थांचा काला. त्यातला नेमका कोणता हे करतो? ते शोधण्यासाठी १९५४ साली चार्ल्स बीअर हे रसायनतज्ज्ञ येऊन मिळाले. खडूवर शाईचा ठिपका देऊन खडू पाण्यात उभा केला, की शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर चढून निराळे होतात. ही मौज पुष्कळ मुलांनी शाळेत पाहिली असेल. बीअर यांची युक्ती त्याच जातीची. काचेच्या नळीत ॲल्युमिनाची पूड भरून त्यांनी तिच्यातून अर्क सोडला. एकेक पदार्थ आपापल्या गतीने उतरून निराळा होऊ लागला. अखेर स्फटिकरूपात हाती आले ते व्हिनब्लास्टिन. १९५८ साली त्याची वार्ता जगापुढे आली.

त्याच सुमारास अमेरिकेत एली लिली कंपनीतही या झाडाची तपासणी चालू होती. तेथे गॉर्डन स्वोबोडा यांनी त्याचे भावंड, व्हिनक्रिस्टिन, वेगळे केले. दोघांच्या भल्यामोठ्या रेणूंत फरक एवढाच : एका जागी पहिल्यात कार्बनाला हायड्रोजनचे तीन अणू बिलगलेले, तर दुसऱ्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक. पण तेवढ्याने गुण बदलतो. पहिले मुख्यतः हॉजकिनच्या रोगावर चालते, दुसरे मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर. पेशी दुभंगताना आत जे सूक्ष्म धागे विणले जातात ते ही द्रव्ये विणू देत नाहीत. मग पेशीची वाढ खुंटते.

पूर्वी या रोगाने धरलेले मूल बहुधा काही महिन्यांत हातचे जाई. आज व्हिनक्रिस्टिन आणि इतर औषधांच्या जोडीने, वेळेवर पुरे उपचार मिळाले तर बहुसंख्य मुले बरी होतात, शाळेत परततात.

आपल्याकडेही मधुमेहासाठी सकाळी सदाफुलीची पाने चावणारे पुष्कळ आहेत. त्यांना हात जोडून सांगणे आहे, की त्या पानात शंभराहून अधिक अल्कलॉइडे आहेत आणि त्यांतली काही जहाल आहेत. ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो वाळली पाने लागतात. ते गाळून, तोलून, डॉक्टरच्या नजरेखाली शिरेत दिले जाते, आणि तरीही रोग्याचे रक्त वरचेवर तपासावे लागते. नुसते पान म्हणजे औषध नव्हे. फुले खुशाल दिवाळीच्या रांगोळीत मांडा. पाने मात्र झाडावरच असू द्या.