गप्प झालेली मुलगी ‘समजूतदार’च असते का?

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एकाएकी अबोल झाली, मैत्रिणींकडे जाईनाशी झाली, सांगितलेले काम मुकाट्याने करू लागली, की ‘आता हिला समज आली’ असे म्हणून घरातील मोठी माणसे समाधान मानतात. ही समज नसून नैराश्याची सुरुवातही असू शकते, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

बालपणी नैराश्याचे प्रमाण मुलगे व मुलींमध्ये जवळपास सारखे असते. वयात आल्यानंतर मात्र मुलींमध्ये ते सुमारे दुपटीवर जाते. शरीरातील संप्रेरकांचे बदल हे त्याचे एक कारण असले, तरी तेवढेच कारण नाही. याच वयात मुलीचे जगही आक्रसू लागते.

लग्नाची टांगती तलवार

मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या दोंडाईचासारख्या गावात हा बदल ठळकपणे जाणवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर धुळे जिल्ह्यात सुमारे ४० टक्के होते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा असूनही ही स्थिती आहे. त्यामुळे दहावीनंतर शिक्षण की ‘स्थळ’, हा प्रश्न अनेक मुलींच्या डोक्यावर टांगलेला असतो आणि त्याचे उत्तर त्यांच्या हाती नसते. आपल्या आयुष्यावर आपलाच ताबा नाही, ही भावना नैराश्याला पोषक ठरते.

घरातील कारणे

आईवडिलांची सततची भांडणे, वडिलांचे व्यसन, मारहाण, उठता-बसता होणारा पाणउतारा, नापिकी व कर्जाचा ताण आणि भावाशी होणारी तुलना ही प्रमुख कारणे आहेत. आई स्वतः नैराश्यग्रस्त असेल, तर मुलीलाही धोका वाढतो. घराबाहेर अभ्यासाचे ओझे आणि छेडछाड असते. तक्रार केली तर शाळाच बंद होईल, या भीतीने मुलगी घरी काही सांगत नाही.

गोव्यातील १२ ते १६ वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुलामुलींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलगी म्हणून भेदभाव सोसणाऱ्या मुलींमध्ये मानसिक विकारांचे प्रमाण अधिक आढळले. मारहाण, शिवीगाळ, अभ्यासातील अडचणी व असुरक्षित परिसर यांचाही विकारांशी संबंध दिसला. याउलट, ज्यांना अडचणीत पहिला आधार कुटुंबाचा वाटत होता, त्यांच्यात हे प्रमाण कमी होते. म्हणजेच जे घर ओझे होऊ शकते, तेच ढालही होऊ शकते.

ओळखावे कसे?

या वयातील नैराश्य दर वेळी रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, झोप व भूक यांतील बदल, अभ्यासात लक्ष न लागणे, कारण न सापडणारी डोकेदुखी वा पोटदुखी, आवडीच्या गोष्टी नकोशा होणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलणे ही लक्षणे आहेत. ती दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे. मरणाची भाषा आल्यास क्षणाचाही विलंब करू नये व तिला एकटे सोडू नये. समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांनी हा आजार बरा होतो.

मदत कोठे?

शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ची योजना आहे. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पण पहिली मदत घरातूनच मिळायला हवी. मुलगी बोलू लागली, की तिला उपदेश न करता तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणारे एक तरी माणूस घरात असावे. तिचे ‘डोके दुखते’ हे साधे वाक्य नीट ऐकले, तर पुढचा अनर्थ टळू शकतो.